घामाचं मोल

आम्ही बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरची मंडळी नाटकासाठी लोकल धरून कल्याणच्या आचार्य अत्रे रंगमंदिरात जातो. रिक्षाला, वडापावला पैसे देतो, तिकिटाच्या वेळी मात्र विचारतो, "कुणाकडे पास आहे का?" घरातला मुलगा नाटकात शिरला, की पाहुणे म्हणतात, "ते ठीक, पण काम काय करतो?"

अत्र्यांबरोबर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहीर अमर शेख होते. १९१६ साली बार्शीत जन्मलेले हे मेहबूब पटेल आधी बसवर क्लीनर, मग गिरणी कामगार. गिरणीतला घाम तेवढा खरा, आणि रंगमंचावरचा खोटा का? मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी, हे आम्ही मुलांना शिकवतो. मग पुढचं नाटक तिकीट काढूनच पाहू या.