मजुरीत दारू, दोष आईला

केपटाऊनहून स्टेलेनबॉश, फ्रान्शहूक करत हर्मानसच्या समुद्रापर्यंत आम्ही चौघी मैत्रिणी दोन दिवस गाडीने फिरलो. एका मळ्यावर वाईन चाखायला देणारा माणूस सहज बोलून गेला, "इथल्या मजूर बायका गरोदरपणीही पितात. म्हणून पोरं तशी निपजतात."

त्यांना प्यायला लावलं कोणी? याच मुलखात मळेवाले पिढ्यान्‌पिढ्या मजुरीचा भाग म्हणून दारू देत, तीही दिवसातून अनेकदा. 'डॉप' म्हणत त्या पद्धतीला. कायद्याने बंदी आली तरी ती वर्षानुवर्षं चालूच राहिली. गर्भातच दारूने इजा झालेल्या मुलांचं प्रमाण वेस्टर्न केपमध्ये जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे. त्याची चर्चा होते तेव्हा आई दिसते, मालक दिसत नाही!

पुन्हा मळ्यावरचं घर बहुधा नवऱ्याच्या नोकरीवर, बाई हंगामी. मारणाऱ्या नवऱ्याला सोडलं तर तिने निजायचं कुठे? डोंगरापलीकडे डी डोर्न्सच्या द्राक्षमळ्यांत २०१२ साली संप पेटला, तेव्हा किमान रोज होता ६९ रँड. लढल्यावर २०१३ मध्ये १०५ झाला.

आमच्यातल्या एकीने पेला खाली ठेवून विचारलं, "मालकाच्या आजोबांनी किती पाजली, तेही सांगा ना." तो दुसऱ्या गिऱ्हाइकांकडे वळला.