वंशावळीत आजी कुठे आहे?

आमच्या सुरगाण्याकडे पूर्वज शोधायला हौसेनं कुणी निघत नाही. पोरगं बारावीला गेलं किंवा कुणाला नोकरी लागली की 'व्हॅलिडिटी' काढावी लागते. मग घरातला एक जण पिशवीत कागद घालून कचेऱ्यांचे खेटे घालायला लागतो. आमच्या घरात पुतणीच्या वेळी ते काम माझ्याकडे आलं. झालं एकदाचं. दाखला मिळाला, पुतणी कॉलेजात गेली. पण त्या निमित्तानं जे कागद डोळ्यांखालून गेले त्यावरून माझं एक मत बनलंय, ते आज मांडतो. नातेवाईक मंडळींनी तर शेवटपर्यंत वाचाच, कारण तुमच्याकडे एक मागणं आहे.

ज्यांना ह्या प्रकाराची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आम्ही कोकणा. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत 'कोकणा, कोकणी, कुकणा' अशी एकत्र नोंद आहे. ह्या याद्यांचा मूळ आदेश ६ सप्टेंबर १९५० चा. जमातीचा दाखला प्रांत कचेरीतून मिळतो, पण तो खरा की खोटा हे पडताळणी समिती ठरवते. त्यासाठी वडिलांकडच्या पूर्वजाचा, शक्यतो १९५० च्या आधीचा आणि जमात लिहिलेला कागद लागतो. स्वातंत्र्याच्या आधीचा कागद असेल तर सोन्याहून पिवळं. खोटे दाखले काढून आदिवासींच्या जागा बळकावणारे खूप झाले, त्यामुळे पडताळणी हवीच. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

प्रश्न असा की हा कागद शोधायचा कुठे?

पहिली जागा शाळा. जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख असते. पण त्या काळी डोंगरातली किती पोरं शाळेत जात होती? बहुतेक गुरांमागं. दुसरी जागा कोतवाल बुक, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. कोण जन्मलं, कोण मेलं, बापाचं नाव, जात, आणि मेला असेल तर कारण. कारणाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच शब्द: ताप. तिसरी जागा महसुलाची, म्हणजे हक्कनोंदी, फेरफार, सातबारा. ज्याच्या नावावर जमीनच नव्हती, जो जंगलात नागली-वरई पिकवत होता, त्याचं नाव तिथं कुठून येणार? त्यात सुरगाणा हे १९४८ पर्यंत संस्थान. शेजारच्या इंग्रजी मुलखाला एक दप्तर, आम्हाला दुसरं. जुना कागद मिळाला तरी तो मोडीत असायचा संभव, आणि मोडी वाचणारा माणूस शोधणं हे आणखी एक काम. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली, हे तुम्ही बातम्यांत पाहिलंच असेल. आमच्यासारख्यांची शोधाशोध त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

आणि नावांचा घोळ तर विचारू नका. सोमवारी जन्मला म्हणून सोम्या, मंगळवारी म्हणून मंगळ्या. गावात एका वेळी चार सोम्या. लिहिणारा बाहेरचा, तो एका पानावर सोम्या लिहितो, दुसऱ्यावर सोमा, तिसऱ्यावर सोमजी. आडनाव नाहीच, ते पुढं शाळेत नाव घालताना चिकटलं. आणि आमच्यात पवार, गायकवाड, चव्हाण ही आडनावंही आहेत, त्यामुळे कागद तपासणाऱ्याला आधी शंका येते. तीन कागदांवरचे तीन सोम्या हे एकच माणूस आहे हे कागद सांगत नाही. ते माणसालाच सांगावं लागतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं लागेल.

जनगणनेचं काय, असं एका मित्रानं विचारलं होतं. त्याला वाटलं, इंग्रजांनी तर माणूस न् माणूस मोजला होता. मोजला होता खरा. १८८१ पासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी मोजणी झाली. पण आपल्याकडे जनगणनेतून आकडे बाहेर येतात, माणसं नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणे त्या नोंदी कुणाला पाहता येत नाहीत आणि पुरावा म्हणूनही चालत नाहीत.

ह्याउलट स्कॉटलंडचं बघा. तिथं १८४१ पासूनच्या जनगणनेत प्रत्येक माणसाचं नाव आहे आणि शंभर वर्षांनी त्या वह्या लोकांसाठी खुल्या होतात. १९२१ ची २०२२ मध्ये खुली झाली. त्याआधीच्या काळासाठी चर्चच्या वह्या आहेत, बाप्तिस्मा, लग्न वगैरेंच्या. त्यातली सगळ्यात जुनी १५५३ पासूनची. १८५५ पासून सरकारी जन्म-मृत्यू नोंद सुरू झाली. पण मला ह्या सगळ्यापेक्षा एका गोष्टीचा हेवा वाटला. त्या सरकारी नोंदीत आईचं नाव असतं, आणि तिचं माहेरचं आडनावसुद्धा. म्हणजे तिथला माणूस खापरपणजीच्या माहेरापर्यंत कागदाच्या आधारानं जाऊ शकतो.

आता आपली वंशावळ बघा. पडताळणीच्या अर्जासोबत जी जोडतात ती. वर खापरपणजा, खाली त्याचे मुलगे, त्यांच्या खाली त्यांचे मुलगे... आमची वंशावळ मी तयार केली आणि तिच्यावर बायकांची नावं फक्त शेवटच्या पिढीत आली, कारण अर्जदार मुलगी होती! जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, तिच्या एकाही पणजीचं नाव त्या कागदावर नाही. कोतवाल बुकातही तेच. एका ओळीत 'अमक्याची बायको'. एका ओळीत नुसतं 'मुलगी', बापाचं नाव, आणि कारण ताप. नाव ठेवण्याआधीच गेली असेल, किंवा लिहिणाऱ्याला विचारायची गरज वाटली नसेल.

कुणी म्हणेल, जमात बापाकडून ठरते, मग समितीनं आजीचं नाव कशाला विचारावं? बरोबर आहे. समितीचं काम तेवढंच आहे. पण आपण समितीची वंशावळ हीच आपली वंशावळ समजायला लागलो, हे मात्र चूक आहे. दाखला आला की फाईल लॅमिनेशनसकट कपाटात जाते आणि शोध संपतो. अर्धे पूर्वज शोधलेच जात नाहीत. महाराष्ट्र सरकारनं १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव बापाच्या आधी लावायचं ठरवलं, चांगली गोष्ट आहे. पण ते पुढच्यांसाठी. मागच्यांचं काय?

मागच्यांची नावं एकाच जागी आहेत, ती म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी. माझ्या आत्याला पाच पिढ्यांच्या सुना माहीत आहेत. कोण कुठल्या गावची, कुणाचं माहेर डांगात, कुणाचं धरमपुराकडं. १९६० मध्ये महाराष्ट्र-गुजरात वेगळे झाले, डांग तिकडं गेला, पण सोयरीक काही नकाशा बघून होत नाही. ह्या बायका आज कुठल्याच राज्याच्या दप्तरात नाहीत, आत्याच्या बोलण्यात आहेत. आत्या शाळेत गेलेली नाही.

आणि आता तो मघाचा मुद्दा. आम्हाला जो कागद शेवटी मिळाला, तो आत्यामुळं मिळाला. आज्याचा थोरला भाऊ भांडून शेजारच्या गावी सासुरवाडीला जाऊन राहिला होता, हे तिनं सांगितलं. मी आमच्याच गावच्या वह्या चाळत होतो. त्या गावची वही पाहिली तेव्हा १९४३ ची नोंद सापडली, बापाच्या नावासह, 'कोकणा' असं लिहिलेली. समितीपुढं तो कागद गेला. आत्याचं बोलणं गेलं नाही, कारण त्याला वजन नाही.

गंमत म्हणजे दुसऱ्या एका कायद्यात त्याला वजन आहे. २००६ चा वनहक्क कायदा. त्याच्या २००८ च्या नियमांत दाव्यासाठी कोणते पुरावे चालतील त्याची यादी आहे. त्यात जुन्या नोंदींतल्या माणसापर्यंत पोचणारी वंशावळ आहे, आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबही आहे. ह्याच कायद्याच्या अंमलबजावणीसाठी मार्च २०१८ मध्ये आमच्या तालुक्यातली माणसं नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेली होती. म्हणजे जमिनीसाठी म्हाताऱ्याचा शब्द पुरावा, आणि त्याच म्हाताऱ्याच्या नातीची जमात ठरवताना तो शब्द नुसतं बोलणं! माझं म्हणणं एवढंच आहे की पंचांसमोर, सहीनिशी घेतलेला असा जबाब पडताळणीतही पुरावा म्हणून मोजावा. कागदाच्या जागी नको, कागदाच्या जोडीला. तीन सोम्यांचा एक सोम्या त्यानंच होतो.

बोलणं खोटं असू शकतं, हा आक्षेप मला मान्य आहे. पण खोटा कागदही असतो, आणि खाडाखोड केलेली रजिस्टरं पडताळणीत पकडली जातात ती काही उगाच नाही. दोन्ही एकमेकांशी ताडून बघावं लागतं. आमच्या जुन्या माणसांच्या सांगण्यात दुर्गादेवीच्या दुष्काळात कोकणातून वर आल्याची गोष्ट आहे. तो दुष्काळ १३९६ ते १४०८ चा मानतात. ती गोष्ट जशीच्या तशी इतिहास आहे असं मी म्हणणार नाही. पण सहाशे वर्षांची गोष्ट जपणाऱ्या माणसांना चार पिढ्यांची नावं विचारायला काय हरकत आहे?

असो. सरकार काय करेल ते करेल. आपल्या हातात आहे ते सांगतो.

प्रत्येक घरानं एक शंभर पानी वही करावी. एका पानावर एक जोडपं. नवऱ्याचं नाव, बायकोचं नाव, तिचं कूळ, तिचं माहेर, तिच्या आईचं नाव. मुलं सगळी लिहायची, मुलीसुद्धा, लहानपणी गेलेलीसुद्धा. नावाची जितकी रूपं माहीत असतील तितकी लिहायची. कुणी सांगितलं आणि कुठल्या तारखेला, हे खाली लिहायचं. मोबाईलवर आवाज घेऊन ठेवला तर उत्तम, आणि त्यांना आपल्याच बोलीत बोलू द्या, 'शुद्ध' करायला जाऊ नका. जुन्या कागदाची प्रत असेल तर त्या पानाला टाचा.

मी आमच्या आत्याकडून बावीस बायकांची नावं लिहून घेतली आहेत. त्यातल्या सातजणींचं माहेर तिला आठवत नाही. त्या सातजणी मी नातेवाईकांना फोन करून विचारणार आहे. सुरगाणा, पेठ, कळवण, डांग, जिथं कुठं आपलं कुणी म्हातारं माणूस असेल तिथं ह्या दिवाळीत बसा आणि विचारा. पावसाळ्यानंतर आमच्याकडची दोन म्हातारी माणसं गेली. त्यांच्याकडची नावं आता कुणालाच विचारता येणार नाहीत.