पाळीव कुत्र्यांच्या जंत तपासणीची सोय करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त,
पिंपरी चिंचवड महानगरपालिका, पिंपरी.

प्रत : मा. मुख्याधिकारी, चाकण नगरपरिषद, मा. आयुक्त, पशुसंवर्धन, औंध, पुणे.

विषय : पाळीव कुत्र्यांच्या विष्ठेची तपासणी माफक दरात आणि पाळीच्या कामगारांना जमेल अशा वेळी व्हावी.

महोदय,

निगडी, भोसरी, मोशीपासून चाकणच्या नाणेकरवाडी, खराबवाडी, महाळुंगेपर्यंत राहणारे आम्ही श्वानपालक आपणांस हे निवेदन देत आहोत. आमच्यापैकी बरेच जण कारखान्यांत पाळीने काम करतात.

कुत्र्याचे पोट बिघडले, तो खंगू लागला किंवा ढुंगण जमिनीवर घासू लागला की घरोघरी एकच निदान होते : जंत झाले. मग दुकानातून गोळी येते, पुष्कळदा माणसांची, आणि कुत्र्याचे वजन न करताच दिली जाते. वास्तविक ढुंगण घासण्यामागे बहुधा भरलेल्या गुदग्रंथी असतात. जंत असले तरी सगळ्यांवर एकच औषध चालत नाही. पायरँटेल गोल जंतांवर आणि अंकुशकृमींवर लागू पडते, पट्टकृमींवर नाही. त्यांना प्राझिक्वांटेल लागते. शेपटीखाली तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे तुकडे दिसले तर ते पट्टकृमीचे असतात. तो पिसवांमधून येतो, म्हणून पिसवा घालवल्याशिवाय गोळीचा उपयोग टिकत नाही. जिआर्डिया तर जंतच नव्हे, तो एकपेशीय जीव आहे. चुकीच्या गोळीत पैसे जातातच, शिवाय खरा आजार अंगावर निघतो.

ही तपासणी अवघड नाही. ताजी विष्ठा मिठाच्या संपृक्त द्रावणात कालवली की जंतांची अंडी वर तरंगतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतात. पट्टकृमीची अंडी पुष्कळदा सापडत नाहीत आणि लागण नवी असेल तर कोणतीच दिसत नाहीत. म्हणून अहवाल पशुवैद्यकानेच लक्षणांशी ताडून वाचायला हवा, गरज पडल्यास नमुना पुन्हा घ्यायला हवा.

पिल्लांबाबत मात्र अहवालाची वाट पाहणे योग्य नाही. गोल जंत त्यांना आईच्या गर्भातूनच लागतात, अंकुशकृमी दुधातून. दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, वजनाप्रमाणे औषध द्यावे लागते. अंकुशकृमी रक्त पितात. हिरड्या पांढऱ्या पडलेले, काळी शी करणारे पिल्लू त्याच दिवशी डॉक्टरकडे पोचले नाही तर दगावू शकते. दुसऱ्या पाळीवरून मध्यरात्री घरी येणाऱ्या माणसाला हे कसे जमावे, हा आमचा कळीचा प्रश्न आहे.

हा प्रश्न माणसांच्या आरोग्याचाही आहे. कुत्र्याच्या गोल जंतांची अंडी मातीत वर्षानुवर्षे टिकतात. हाताला लागलेल्या मातीतून ती मुलांच्या पोटात जातात. क्वचित त्यांच्या अळ्या डोळ्यापर्यंतही पोचतात. पावसाळ्यात ओल्या मातीतल्या अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायांच्या कातडीत शिरतात. 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळा-अंगणवाड्यांतून मुलांना अल्बेंडाझोल दिले जाते, ही मोठीच गोष्ट आहे. पण मूल ज्या मातीत खेळते, तिथे कुत्र्यांची शी पडून राहिली तर ते काम अर्धेच राहते. गोल जंतांची अंडी ताज्या विष्ठेत संसर्ग करत नाहीत, त्याला निदान दोन आठवडे लागतात. म्हणजे रोजच्या रोज शी उचलली तरी ही साखळी तुटते. शी उचलणे ही आमची जबाबदारी आहे आणि ती आम्ही मान्य करतो. उद्यानांच्या आणि मैदानांच्या दारांशी त्यासाठी झाकणाच्या वेगळ्या पेट्या मात्र महापालिकेने ठेवाव्यात.

आमची मुख्य मागणी अशी की महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागात विष्ठा तपासणी ठरलेल्या माफक दरात व्हावी, आठवड्यातून निदान दोन दिवस रात्री नऊपर्यंत आणि रविवारी सकाळी नमुने घ्यावेत, आणि अहवाल मोबाइलवर मिळावा. चाकण परिसरातील गावांसाठी नगरपरिषद व पशुसंवर्धन विभागाने मिळून नमुना संकलन सुरू करावे. अवघड नमुने औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवता येतील. श्वान परवाना देताना जंतांच्या औषधाचे वेळापत्रक मराठी व हिंदीत हाती द्यावे. 6 जुलैच्या जागतिक प्राणिजन्य रोग दिनी रेबीज लसीकरणाबरोबर कुत्र्यांचे वजन करून ते कार्डावर लिहून द्यावे.

या मागण्यांवर चर्चेसाठी आम्हांस वेळ द्यावी आणि झालेली कार्यवाही लेखी कळवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील श्वानपालक नागरिक