पोत्यावरचं वय

मागच्या पावसाळ्यात गावाकडून धाकट्या जाऊचा फोन आला. आवाज रडवेला. "अक्का, पिल्लं चाललीत बघा एकेक करून. दाणापाणी तर पोटभर घालतेय मी. कुणाची दृष्ट लागली म्हणायची?"

तिने बचत गटातून कर्ज काढून हॅचरीची पन्नास एकदिवसीय पिल्लं आणली होती. पहिला महिना छान गेला. बुरुडाच्या टोपलीखाली बल्ब लावून ती रात्रीची दोनदा उठून बघायची. नवव्या आठवड्यात मात्र पिल्लं मलूल दिसायला लागली, पाणी जास्त पिऊ लागली, विष्ठा पातळ झाली आणि दहा दिवसांत चौदा पिल्लं गेली. दृष्टही काढून झाली. शेवटी मेलेलं एक पिल्लू पिशवीत घालून ती सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी ते उघडून दाखवलं. मूत्रपिंडं सुजलेली आणि काळजावर चुना फासावा तसा पांढरा थर. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "खायला काय घालता?"

जाऊ म्हणाली, "कोंबडीखाद्य." कुठलं, ते तिला सांगता येईना. पोतं भाऊजींनी तालुक्याहून मोटारसायकलवर आणलं होतं. दुकानात पिल्लांचं खाद्य संपलं होतं. दुकानदार म्हणाला, "हे घेऊन जा, कोंबडीचंच आहे, शिवाय स्वस्तही पडतंय." ते होतं लेयर, म्हणजे अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य.

मैत्रिणींनो, ही गोष्ट इथे सांगते आहे ती एवढ्याचसाठी, की कष्ट कमी पडले म्हणून ही पिल्लं गेली नाहीत. पोत्यावर लिहिलेलं वय कुणी वाचलं नाही, म्हणून गेली.

अंड्यावरच्या कोंबडीला कवचासाठी चुना, म्हणजे कॅल्शियम भरपूर लागतं. तिच्या खाद्यात ते ३ ते साडेतीन टक्के असतं. वाढत्या पिल्लाला लागतं साधारण १ टक्का. तिप्पट चुना रोज पोटात गेला की कोवळ्या मूत्रपिंडांना तो बाहेर टाकता येत नाही, आणि युरिक आम्लाचे क्षार अवयवांवर साचतात. असा आजार पाणी कमी पडल्याने किंवा काही संसर्गांमुळेही होतो. पण खाद्याची चूक ही आपल्या हातातली गोष्ट आहे.

माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर कोंबड्या पाळल्या, पोतं कधी विकत आणलं नाही. मग आताच हे नखरे कशाला, असं घरात कुणीतरी म्हणतंच. पण त्या गावरान पिल्लांना आई होती. ती उकिरडा उकरायची, वाळवी आणि किडे चोचीने पुढे टाकायची. त्यातून पिल्लांना प्रथिनं मिळायची. हॅचरीचं पिल्लू खोक्यातून येतं, त्याला आई नाही. पहिले काही आठवडे ते बाहेरही सोडता येत नाही. आईने शोधून दिलं असतं ते सगळं आता पोत्यातूनच मिळायला हवं.

म्हणून हिशेब वयाचा ठेवायचा. पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा बलकाचा अंश त्याच्या पोटात असतो, त्यावर दोन-तीन दिवस तग धरतं. तरीही वाट बघू नये. घरी आणल्याबरोबर आधी गूळपाणी, मग कागदावर पसरलेला मक्याचा बारीक भरडा, एक-दोन दिवस. ऊब कमी पडली तर पिल्लं गठ्ठा करून बसतात, खातच नाहीत, तेही बघायचं.

तिथून आठ आठवड्यांपर्यंत स्टार्टर. यात प्रथिनं सुमारे २० टक्के. पन्नास पिल्लांना आठ आठवड्यांत साधारण ८० ते १०० किलो, म्हणजे दोन पोती लागतात. पिल्लं विकत घेतानाच या दोन पोत्यांचे पैसे बाजूला काढून ठेवा. काटकसर करायचीच तर पुढे करा, इथे नको. हाडं, पिसं, रोगप्रतिकारशक्ती, सगळ्याचा पाया याच दोन महिन्यांत पडतो.

नवव्या आठवड्यापासून ग्रोअर, प्रथिनं १६ टक्क्यांच्या आसपास. परसात सोडायच्या सुधारित जातींना आता मोकळं फिरू द्यावं, चारा-किडे वेचू द्यावेत. संध्याकाळी परतल्यावर ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी किंवा ग्रोअर द्यावं. या वयात तलंग जास्त खाऊन चरबीली झाली तर पुढे अंडी कमी देते.

पहिली अंडी दिसू लागली की मग लेयर. किंवा शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा, जिला हवा ती खाते. ब्रॉयलरचं खाद्य हा तिसराच प्रकार. सहा आठवड्यांत मांस धरणाऱ्या पक्ष्यासाठी ते बनवलेलं असतं, परसातल्या कोंबडीला महिनोन्‌महिने घालायचं नसतं. आणि खाद्य बदलताना एकदम बदलू नका. पाच-सहा दिवस जुन्यात नवं मिसळत जा.

घरचं धान्य चालणार नाही का, हा प्रश्न हमखास येतो. नुसतं नाही. मक्यात प्रथिनं ९ टक्क्यांच्या आसपास, बाजरीत थोडी जास्त. सोयाबीनच्या पेंडीत मात्र ४५ टक्क्यांपर्यंत. दोन भाग मक्याचा भरडा आणि एक भाग पेंड घेतली की २० टक्क्यांच्या वर जातो. तीनास एक घेतली की १८. स्टार्टर मिळालंच नाही तर चार दिवस निभावायला हे, त्यात क्षारमिश्रण घालून, लेयरपेक्षा शंभरपट बरं. पण क्षार-जीवनसत्त्वांचा मेळ घरी पुरता जमत नाही, म्हणून कायमचं नको.

आणखी एक गोष्ट पावसाळ्याची. ओलसर मका, शेंगदाण्याची पेंड यांना बुरशी लागते, तिच्यातलं विष पिल्लाचं यकृत खातं. कुबट वास आला, गठ्ठे झाले, की ते खाद्य टाकून द्यायचं. धुऊन, वाळवून घालायचं नाही. पोतं भिंतीपासून दूर, फळीवर ठेवावं आणि तीन-चार आठवड्यांत संपेल एवढंच आणावं.

हे सगळं अवघड नाही. आपल्या लेकराला सहा महिन्यांनी काय, वर्षाने काय भरवायचं, हे आपल्याला कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. मग इथे घोडं अडलं कुठे? पिल्लं बायको वाढवते आणि पोतं नवरा आणतो, तिथे. रोज किती दाणा उरतो, कुठलं पिल्लू मागे पडतंय, हे जिला माहीत, ती दुकानात नसते. जो दुकानात असतो, त्याला पिल्लं किती आठवड्यांची झाली ते आठवत नाही. पोत्यावर स्टार्टर, ग्रोअर, लेयर हे शब्द इंग्रजीत, बारीक टायपात. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १३७४ या मानकात कोंबडीखाद्याचे हे वयानुसार प्रकार वेगवेगळे सांगितले आहेत. मग तेच वय पोत्यावर ठसठशीत मराठीत छापायला काय हरकत आहे? आणि गटांना पिल्लं देताना, कर्ज देताना, फोटो काढताना एक कागद हातात द्यायला?

अंड्यांचा पैसा हा बाईचा हक्काचा पैसा. मुलीची वही, स्वतःची औषधाची गोळी, माहेरी जायचं एसटीचं तिकीट यातून येतं, त्यासाठी कुणापुढे हात पसरावा लागत नाही. चौदा पिल्लं गेली तरी जाऊला हप्ता मात्र पन्नासांचाच भरावा लागला. तो तिने शिलाई करून भरला.

उरलेल्या छत्तीसांचं खाद्य त्याच दिवशी बदललं. पिल्लं सावरली. आता ती दर महिन्याला एसटीने स्वतः तालुक्याला जाते. गोठ्याच्या दारावर तिने कॅलेंडर टांगलंय, त्यावर पिल्लं आणल्याची तारीख आणि पुढचे आठवडे पेन्सिलीने लिहिलेत. दुकानदाराने परवा पुन्हा म्हटलं, "हे न्या वहिनी, चालतंय." ती म्हणाली, "तुम्हाला चालतंय हो, माझ्या पिल्लांना नाही."