नोट उजेडाला धरताना

रोखपालाच्या खिडकीमागे काही वर्षे काढलेल्या माणसाच्या हाताला एक खोड लागते. नोट आली की ती आधी उजेडाला धरायची. निवृत्त होऊन वर्षे झाली, तरी वाण्याकडून सुटे घेताना माझा हात आपोआप वर जातो आणि वाणी हसतो. बनावट नोट शेवटी उजेडच पकडून देतो, हे आम्हा बँकवाल्यांचे जुने ज्ञान. म्हणूनच १९७०च्या आसपास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील स्टीफन वाइझनर नावाच्या विद्यार्थ्याने उजेडाचीच नोट कल्पिली होती, हे वाचले तेव्हा मी ते पान दोनदा वाचले.

कल्पना अशी. नोटेत काही प्रकाशकण कोंडून ठेवायचे. प्रत्येक कणाची दिशा चारांपैकी एक. कोणता कसा ठेवला आहे, हे नोटेच्या क्रमांकावरून फक्त बँकेला ठाऊक. नक्कल करणाऱ्याला आधी दिशा मोजावी लागणार, आणि पुंजभौतिकीचा नियम असा की चुकीच्या पद्धतीने मोजताच कणाची मूळ दिशा नाहीशी होते. म्हणजे नक्कल करायला जावे तर अस्सलच बिघडते! वाइझनरने यावर लेख लिहिला. नियतकालिकाने तो नाकारला. तो छापून यायला १९८३ साल उजाडले.

आता एका कर्ज अधिकाऱ्याच्या नजरेने या प्रस्तावाकडे पाहा. प्रकाशकण क्षणभरही खिशात राहत नाही. नोट तयार कशी करणार? तारण काय, परतफेड कधी? मी असतो तर प्रस्ताव दोन ओळींचा शेरा मारून परत पाठवला असता. असे शेरे मी पुष्कळ मारले आहेत आणि त्यांतले बहुतेक बरोबर होते.

वाइझनरचा एक मित्र मात्र ती कल्पना विसरला नाही. चार्ल्स बेनेट हे त्याचे नाव. १९७९च्या ऑक्टोबरात प्वेर्तो रिकोच्या सान हुआनमध्ये एका परिषदेच्या वेळी समुद्रात पोहताना बेनेट एका अनोळखी माणसाजवळ गेले आणि काही प्रस्तावना न करता त्याला या नोटेची गोष्ट सांगू लागले. तो माणूस म्हणजे मॉन्ट्रियलचे जिल ब्रासार. पुढे दोघांच्या लक्षात आले की प्रकाश साठवायचा कशाला? प्रकाशाचा धर्मच मुळी प्रवासाचा. नोटेऐवजी त्याच्याकडून गुप्त किल्ली पाठवून घ्यावी. वाटेत कोणी डोकावले तर कणांच्या दिशा बिघडतात. पाठवणारा आणि घेणारा यांनी थोडे आकडे उघडपणे ताडून पाहिले की चोरी कळते. प्रत्येक कण मोजून पुढे पाठवणारा चोर असेल, तर जुळायला हव्या त्या आकड्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा जुळत नाही. हा निबंध १९८४च्या डिसेंबरात वाचला गेला, तो आपल्या बंगलोरला. ब्रासार यांना तिथे हव्या त्या विषयावर बोलण्याचे आमंत्रण होते. आज जगभर ‘बीबी८४’ म्हणून जी पद्धत शिकवली जाते ती हीच. तेव्हा तिची फारशी दखल कोणी घेतली नाही.

पहिले यंत्र १९८९ साली चालले. अंतर साडेबत्तीस सेंटिमीटर, म्हणजे दीड वीतही नाही! शिवाय त्याचा विद्युतपुरवठा पाठवल्या जाणाऱ्या कणाप्रमाणे वेगवेगळा आवाज करी. चोर बहिरा असेल तरच हे यंत्र सुरक्षित, अशी थट्टा कर्त्यांनीच करून ठेवली आहे. (आमच्या काळी तारेने पैसे पाठवताना संकेतांकाचे पुस्तक तिजोरीत कुलूपबंद असे आणि काढलेला आकडा साहेब शिपायाला मोठ्याने ओरडून सांगत, त्याची आठवण झाली.)

एकेक कण टिपणे हेही सोपे काम नव्हे. त्यासाठी आज जी उत्तम साधने आहेत, त्यांपैकी एकाचा पाया २००१ साली मॉस्को आणि रॉचेस्टरच्या संशोधकांनी घातला. नायोबियम नायट्राइडची केसाहून कितीतरी बारीक तार उणे २७० अंशांच्या आसपास थंड करतात. त्या थंडीत ती अतिसंवाहक होते, म्हणजे विजेला तिच्यात काडीचा अडथळा उरत नाही. एक प्रकाशकण आदळला की तेवढ्या जागी क्षणभर अडथळा येतो आणि कण आल्याची वर्दी मिळते.

या अतिसंवाहकतेची वहीही अशीच. १९६५ साली बेल प्रयोगशाळेत ग्राफाइटच्या, म्हणजे आपल्या शिसपेन्सिलीतल्या काळ्या पदार्थाच्या, थरांमध्ये पोटॅशियमसारख्या धातूंचे अणू बसवले, तेव्हा तो अतिसंवाहक झाला; पण निरपेक्ष शून्याच्या वर एक अंशही न जाता. उपयोग शून्य. पुढची चाळीस वर्षे विषय मागेच राहिला. मग २००५ साली लंडन आणि केंब्रिजच्या संशोधकांनी थरांत कॅल्शियम बसवले आणि तापमान एकदम साडेअकरा केल्विनवर गेले. नेहमीच्या दाबाखाली ग्राफाइट एकटे अतिसंवाहक नाही, कॅल्शियमही नाही; दोघे एकत्र आले की होतात. २०१८ साली एमआयटीत तर ग्राफाइटचे दोन एकेरी थर एकमेकांवर सुमारे १.१ अंशाने तिरपे ठेवले, बाहेरून कसलाही धातू न घालता, आणि १.७ केल्विनला अतिसंवाहकता मिळाली. यातून बाजारात अजून काही आलेले नाही. येईलच असे मी म्हणणार नाही.

हे सांगण्याचे कारण आपले राष्ट्रीय क्वांटम मिशन. २०२३च्या एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने त्यासाठी ६,००३ कोटी ६५ लाख रुपये मंजूर केले. आठ वर्षांत दोन हजार किलोमीटरपर्यंत सुरक्षित संदेशवहन, हजार क्यूबिटपर्यंतचे संगणक अशी उद्दिष्टे लिहून दिली आहेत. उद्दिष्टांना माझा विरोध नाही. पैसा जनतेचा आहे, हिशेब हवाच. २०२२ साली प्रयागराज ते विंध्याचल हे शंभराहून अधिक किलोमीटरचे अंतर आपल्या लोकांनी प्रकाशतंतूतून पार केले, त्याचा अभिमानही आहे. पण मार्चअखेर उद्दिष्ट गाठण्यासाठी शाखेत काय काय चालते, हे मी तीस वर्षे पाहिले आहे. ज्याला उद्दिष्ट दिले आहे तो सुरक्षित कर्जच देतो. हुशार संशोधकही तेच करील. परदेशात चाललेला प्रयोग थोड्या लांब अंतरावर पुन्हा करून दाखवील, कारण तो होणार हे आधीच ठाऊक असते.

दुसरी गोष्ट, ‘अभेद्य’ हा शब्द. नियम अभेद्य असेल, यंत्र नसते. २०१० साली नॉर्वेतल्या संशोधकांनी बाजारात मिळणाऱ्या यंत्राच्या ग्राहकावर झगझगीत प्रकाश टाकून तो आंधळा केला आणि सगळी किल्ली मागमूस न ठेवता पळवता येईल हे दाखवले. तिजोरी फुटते ती कुलपाच्या गणितामुळे नव्हे, हे बँकेत शिपायालाही माहीत असते. तेव्हा यंत्रे तयार विकत आणून बसवण्यापेक्षा ती उघडून, मोडून बघणारी माणसे इथे तयार व्हायला हवीत.

माझी मागणी एका कर्ज अधिकाऱ्याला शोभेल इतकीच आहे. मंजूर रकमेतला दहावा हिस्सा वेगळ्या खात्यात ठेवावा आणि त्याच्या अर्जातून ‘अपेक्षित फलित’ हा रकाना काढून टाकावा. तो पैसा तिशीच्या आतल्या मुलामुलींना द्यावा, पाच वर्षे विचारू नये. काही खाती बुडतील. ती निर्लेखित करण्याचा अधिकार आधीच लिहून ठेवावा, म्हणजे मंजुरी देणाऱ्याचा हात थरथरणार नाही.

वाइझनर उत्तरायुष्यात जेरुसलेममध्ये स्वखुशीने बांधकामावर मजुरी करत असे. २०२१ साली तो तिथेच वारला. त्याची नोट अजून कुणाला छापता आलेली नाही.