बांधावरून : गाढवांच्या नावाने हुरडा

गावात कळसासाठी वर्गणी निघते, सप्त्यासाठी निघते, तालमीसाठी निघते. कोणी 'कशाला' म्हणून विचारत नाही. पावती फाटते, आकडा फळ्यावर लागतो, काम होते. पण आमच्या येडशीच्या चार तरुण पोरांनी 'यंदा गावाचा मिळून हुरडा करू आणि येणारा पैसा थकल्याभागल्या गाढवांच्या निवाऱ्याला लावू' असे म्हटले मात्र, पारावर जो हशा पिकला तो आठवडाभर ओसरला नाही. "निवारा गाढवांचा की काढणाऱ्यांचा?" असे एक आजोबा म्हणाले. पोरे बिचारी ओशाळून घरी गेली.

वाचकहो, मला वाटते पोरांचे निम्मे बरोबर आहे. उरलेल्या निम्म्याविषयी आज लिहितो.

आधी त्या हशाविषयी. गाढव म्हटले की आपल्याला हसू येते, हे खोटे नाही. गीता वाचली ती त्याच्यापुढे, गुळाची चव नाही ती त्याला, आणि अडला हरी पाय धरतो तेही त्याचेच. आपल्या शेजारी बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या विडा गावी धुळवडीला जावयाला गाढवावर बसवून मिरवतात, आणि मग नवे कपडे करून त्याचा मानही राखतात. जावई हसतो, गाव हसते, गाढव मात्र गंभीर असते. मौजेला ना नाही. पण बैलाला पोळा, गाईला वसुबारस, नागोबाला पंचमी, एवढे सगळे करणाऱ्या आपल्या शेतकरी घरात गाढवाच्या नावाने एक दिवस नाही, एक घास नाही.

आणि उपकार तर कमी नाहीत. जुन्या वाड्याची पांढरी माती, विहिरीतून निघालेला मुरूम, नदीतली वाळू, भट्टीवरची वीट हे सारे कशाच्या पाठीवरून आले? कुंभार, वडार, बेलदार, कैकाडी, वैदू अशा कितीतरी कष्टकरी घरांचे पोट या जनावराने भरले. ज्याला जमीन नाही त्याचे शेत म्हणजे त्याची गाढवे. ट्रॅक्टर जिथे वळत नाही त्या बोळात आजही तेच जाते.

पण आता ते दिसेनासे होत चालले आहे. देशाच्या पशुगणनेत २०१२ साली गाढवे सुमारे ३ लाख २० हजार होती, २०१९ साली सुमारे १ लाख २० हजार उरली. सात वर्षांत साठ टक्क्यांहून जास्त घट. आपल्या महाराष्ट्रात घट जवळजवळ ४० टक्के आहे. यंत्रे आली, भट्ट्यांवर ट्रॅक्टर आले, चरायची गायराने गेली, मालकांची पोरे दुसऱ्या कामाला लागली. यात वाईट काही नाही, कोणी जन्मभर गाढवामागे हिंडावे असे मी म्हणणार नाही. पण चोरी आणि चोरटी कत्तल हेही एक कारण आहे. चीनमध्ये गाढवाच्या कातड्यापासून एजियाओ नावाचे औषध करतात, त्यासाठी जगभरातून कातडी ओढली जातात. आफ्रिकेतल्या देशांनी तर फेब्रुवारी २०२४ मध्ये एकत्र येऊन कातड्यासाठी गाढवे मारण्यावर पंधरा वर्षांची बंदी ठरवली. गरिबाच्या दारातले जनावर रातोरात जाते, तेव्हा त्याचे भांडवलच जाते.

पारावर दुसरा एक आक्षेप निघाला, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. "माणसांना मिळेना आणि गाढवांना कशाला?" हा प्रश्न ज्याच्या घरात गाढव आहे त्या माणसाला विचारून बघा. भट्टीवर काम करणाऱ्या एका बाईने मला एकदा सांगितले, "दादा, गाढव लंगडलं की त्या दिवशी निम्मीच चूल पेटती." तिची मजुरी खेपांवर. खेपा गाढवाच्या चार पायांवर. तेव्हा त्या पायांना लावलेले औषध हे माणसाला दिलेले नाही तर काय?

आणि आपल्या गावाला तर ही गोष्ट परकी वाटायला नको. आपल्या दाराशी रामलिंग आहे, जखमी जटायूची कथा आपण लहानपणापासून तिथेच ऐकली. येडशी-रामलिंग घाटाचे रान १९९७ पासून अभयारण्य आहे. पैठणच्या नाथमहाराजांनी रामेश्वराला न्यायची कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली, हे कीर्तनात ऐकताना आपले डोळे भरून येतात. मंडपाबाहेर आले की तेच गाढव आपण काठीने हाकलतो. असो.

आता निवाऱ्याचे. पोरांनी मोबाइलवर इंग्लंडातला मोठा निवारा पाहिला आणि त्यांच्या मनाने तेच घेतले. तो निवारा एलिझाबेथ स्वेंडसन नावाच्या बाईंनी उभा केला. १९६९ साली त्यांनी पहिले गाढव विकत घेतले. पुढे गाढवे सांभाळणारी दुसरी एक बाई वारली, तेव्हा तिने मृत्युपत्रात आपली २०४ गाढवे यांच्या नावे करून ठेवली. मृत्युपत्रात जमीन, दागिने येतात हे आपल्याला ठाऊक. २०४ गाढवे वाट्याला आल्यावर त्या माउलीची काय अवस्था झाली असेल! पण तिने ती सांभाळली, आणि डेव्हन परगण्यातल्या सिडमथ गावची ही संस्था जगभर नावाजली. तिकडे अशा कामासाठी गावोगाव चहा-केकचे मेळावे भरवून पैसे जमवतात. आपल्या पोरांनी केकच्या जागी हुरडा धरला, हे मात्र झकास केले.

इतके लांबही जायला नको. आपल्या मराठवाड्यात नांदेड जिल्ह्यातल्या सगरोळीला अधू आणि म्हाताऱ्या गाढवांसाठी असे घर उभे राहिले, त्याला परदेशी राहणाऱ्या भारतीय कुटुंबाचा हातभार लागला. सांगलीकडे 'ॲनिमल राहत' ही संस्था २००३ पासून साखर कारखान्यांवरचे बैल आणि भट्टीवरची गाढवे यांची देखभाल करते. निवृत्त जनावरांसाठी तिची स्वतःची जागा आहे. म्हणजे काम होण्यासारखे आहे. पण ते एका हुरड्याच्या पैशात होण्यासारखे नाही.

शेतकऱ्यासारखा हिशेब करू. आपल्याकडचे गाढव साधारण सव्वाशे किलोच्या आतले. त्याला दिवसाला दोन-अडीच किलो कोरडा चारा लागतो. वर्षाचा झाला आठ-नऊ क्विंटल. दहा गाढवे ठेवली तर ऐंशी-नव्वद क्विंटल कडबा. भाव तुम्हाला माहीतच आहे, दुष्काळी सालचा तर बोलायलाच नको. शिवाय पाणी, राखण, औषध. आणि नीट सांभाळलेले गाढव पंचवीस-तीस वर्षे जगते. पहिल्या साली फोटो निघतील, तिसऱ्या साली कडबा कोणी द्यायचा यावरून भांडण होईल, आणि पाचव्या साली गाढवे पुन्हा एसटी स्टँडवर प्लास्टिक खात फिरतील. जनावराला आसरा देऊन मधेच सोडणे यापरता दुसरा दोष नाही.

म्हणून माझे म्हणणे असे. भिंती बांधू नका. जे गाढव आज मालकाच्या दारात आहे त्याचे दिवस बरे करा. पैसा त्यातच लावा.

त्यात करण्यासारखे पुष्कळ आहे. पहिली गोष्ट पाठ. फाटक्या गोणपाटावर वीट लादली की कण्यावर जखम होते, तीवर माशी बसते, आणि त्याच जखमेवर दुसऱ्या दिवशी पुन्हा ओझे. जाड, मऊ गादी हवी, आणि ती अशी की कण्यावर भार न येता दोन्ही बरगड्यांवर विभागेल. दुसरी गोष्ट खूर. सहा ते दहा आठवड्यांनी खूर साळावे लागतात, नाहीतर ते चपलेसारखे पुढे वाढतात आणि जनावर टाचेवर चालू लागते. इथे मात्र हरीला खरोखरच गाढवाचे पाय धरावे लागतील! जाणत्या माणसाकडून पाच-सहा पोरांनी हे काम शिकून घ्यावे. तिसरी गोष्ट पायबंद. नायलॉनची दोरी कातडीत रुतते. सुती किंवा अंबाडीची दोरी रुंद पट्टी करून बांधावी. धनुर्वाताची सुई आणि जंताचे औषध पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावे. श्वास मोकळा होतो म्हणून नाकपुड्या चिरण्याची रीत कुठे कुठे आहे, ती बंद व्हावी. त्याने श्वास मोकळा होत नाही, फक्त जखम होते.

कायदाही पुष्कळांना ठाऊक नाही. ओझ्याच्या जनावरांबाबत १९६५ चे नियम आहेत. गाढवावर ५० किलोच्या वर ओझे लादता येत नाही. वीट तीन किलोची धरली तर सोळा विटा झाल्या. दिवसाला एकूण नऊ तासांच्या वर काम नाही, सलग पाच तासांच्या वर नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी बारा ते तीन काम नाही. आपल्याकडे होळी झाली की पारा कुठे असतो ते सांगायला नको. मालकावर खटले भरा असे मी म्हणत नाही, त्याच्यावर खेपांचा तगादा असतो. पण भट्टीवर एक सिमेंटची टाकी आणि पत्र्याचा एक मांडव झाला, तर ते तीन तास माणूस आणि जनावर दोघेही सावलीत बसतील. भट्टीवाल्यानेही त्यात निम्मा वाटा उचलावा. त्याचाच फायदा आहे.

पत्र्याचे आणखी एक कारण. गाढव हे मुळात कोरड्या मुलखातले. त्याच्या केसांतून पाणी निथळत नाही, आत मुरते. पावसाळ्यात भट्ट्या बंद होतात, मालक गाढवे मोकळी सोडतो, आणि ती भिजत कुडकुडत कोरडी जागा म्हणून डांबरी रस्त्यावर येऊन उभी राहतात. सोलापूर-धुळे महामार्गाला लागून आपले गाव. रात्री करड्या अंगाचे जनावर ट्रकवाल्याला दिसत नाही, आणि मोटारसायकलवाल्याला तर धडकल्यावरच कळते. गळ्यात चमकणारी पट्टी बांधली तर दोन्ही जीव वाचतील. हुरड्याच्या पैशातून पहिली खरेदी या पट्ट्यांचीच करा.

जे गाढव खरोखरच कामातून गेले, त्याचे काय? त्यासाठी दोन-तीन शेतकऱ्यांनी आपल्या बांधावर जागा द्यावी, कडबा फंडातून मिळावा. एक सांभाळा. गाढवाची जोडी जमलेली असते. वर्षानुवर्षे शेजारी उभी राहिलेली दोन गाढवे तोडली, तर मागे राहिलेले चारा सोडते, आणि चारा सोडलेले गाढव फार लवकर हाताबाहेर जाते. न्यायची तर दोन्ही न्या. आणि कोवळ्या ज्वारीच्या ताटात त्यांना मोकळे सोडू नका, किराळ लागते हे तुम्हाला गुरांवरून माहीत आहेच.

आता कार्यक्रमाचे. येळवसेला आपण कोपीपाशी पांडव पुजतो, आंबील-भज्जी करतो, आणि वाटेने जाणाऱ्यालाही हात धरून जेवायला बसवतो. त्या दिवशी पैसे मागू नयेत, शोभायचे नाही. येळवस झाली की पौष पौर्णिमेपर्यंत पंधरा दिवस मिळतात. त्यातलाच एक रविवार धरा. पौर्णिमेला जेजुरीला गाढवांचा बाजार भरतो, मालक मंडळी तिकडे जातात. ती गावात असतानाच कार्यक्रम व्हायला हवा, कारण पहिला मान त्यांचा. त्यांना पंक्तीत बसवा, आगटीपाशी राबायला लावू नका. फंडाच्या पाच माणसांत दोन गाढववाले असू द्या, त्यातली एक बाई असू द्या. ओझे लादणारी आणि जखम धुणारी बहुधा तीच असते. गाढवांच्या शर्यती, पोरांना पाठीवर बसवून फोटो, असले काही नको. लाउडस्पीकरही नको.

हुरडा गूळभेंडीचा असावा, सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, बोरे एवढे पुरे. ज्याला पैसे देणे जड आहे त्याने पाच पेंढ्या कडबा द्यावा, त्याचीही पावती फाडा. आलेला आणि गेलेला पैसा रामनवमीच्या आत फळ्यावर लावा.

भगिनींना एक विनंती. घरोघर जुन्या वाकळी पडलेल्या असतात. पाठीच्या गादीला त्याच्यासारखे दुसरे काही नाही. हुरड्याला येताना एकेक घेऊन या. गरम पाण्यात धुऊन, चांगली खळबळून साबण पार काढा, दोन उन्हे द्या, आणि घडी घालण्याआधी सगळीकडून चाचपून पाहा. टाके घालताना राहिलेली एखादी सुई आत असते.