उशीर चालेल भाऊ, पण तारीख खरी सांगा

मंडळी, आज राजकारण नाही. आज पार्सलवर लिहितोय. हसू नका, विषय पोटापाण्याचा आहे.

आपल्या दारव्ह्यात गेल्या काही वर्षांत एक नवा धंदा गुपचूप उभा राहिला. त्याला दुकान नाही, पाटी नाही. मोबाईलवर फोटो टाकायचा, व्हॉट्सॲपवर ऑर्डर घ्यायची, फोनवर पैसे आले की डबा बांधायचा आणि पोस्टाच्या खिडकीवर जाऊन उभं राहायचं. कुणी सांडगे, सरगुंडे, ज्वारीचे पापड विकतं. कुणी साड्या, कुणी स्पर्धा परीक्षेची वापरलेली पुस्तकं. यात बचत गटाच्या बायका आहेत, नोकरीची वाट पाहून कंटाळलेली पोरं आहेत, आणि शेतीच्या जोडीला काहीतरी हवं म्हणून धडपडणारी घरं आहेत.

या सगळ्यांची डोकेदुखी एकच. माल चांगला, भाव बरा, गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचं. पण तिसऱ्या दिवशी मेसेज येतो, "पार्सल कुठे आहे?" चौथ्या दिवशी, "अजून का नाही आलं?" पाचव्या दिवशी थेट, "फसवणूक करता का?" आणि सहाव्या दिवशी कुठल्यातरी ग्रुपवर स्क्रीनशॉट फिरतो. पार्सल आठव्या दिवशी नीट पोचतं. पण तोवर नाव गेलेलं असतं. गावातल्या माणसाकडे नावाशिवाय दुसरं भांडवल असतं तरी काय?

यावर माझं मत स्पष्ट आहे. स्वस्त टपाल हळू जातं यात फसवणूक कुणाचीच नाही. कमी पैसे घेतले, जास्त दिवस लागतील, असा तो साधा सौदा आहे. बिघडतं कुठे, तर विकणारा हा सौदा गिऱ्हाइकाला सांगत नाही, आणि गिऱ्हाईक विचारत नाही.

गिऱ्हाइकाला तरी एकदम दोष कसा द्यायचा? मोठ्या शहरात दहा मिनिटांत दूध आणि कांदे घरी येतात, अशा जाहिराती त्याने रोज पाहिल्यात. पण हे दहा मिनिटांचं प्रकरण काय असतं ते एकदा समजून घ्या. त्या कंपनीचं गोदाम गिऱ्हाइकाच्या घरापासून दोन-तीन किलोमीटरवर असतं. माल आधीच तिथे आणून ठेवलेला असतो. म्हणजे लांबचा प्रवास ऑर्डर देण्याच्या आधीच झालेला असतो, तो आपल्याला दिसत नाही. आपल्या ताईंचे पापड मात्र ऑर्डर आल्यावर दारव्ह्याहून निघतात.

आणि निघतात म्हणजे कसे? इथून थैलीत, थैली गाडीत, गाडी चाळीसेक किलोमीटरवरच्या यवतमाळकडे किंवा मोठ्या छाटणी केंद्राकडे. तिथे पिनकोडप्रमाणे वाटणी. मग पुढचं केंद्र, पुन्हा वाटणी, मग त्या शहराचं पोस्ट, आणि शेवटी पोस्टमनची फेरी. स्वस्त दराचा माल रस्त्याने आणि रेल्वेने जातो, विमानाने नाही. प्रत्येक टप्प्यावर पुढच्या गाडीची वाट पाहावी लागते. मध्ये रविवार आला, सण आला, की दिवस वाढला. ट्रॅकिंगवर दोन दिवस काहीच हललेलं दिसत नाही, तेव्हा पार्सल हरवलेलंच असतं असं नाही. बहुतेक वेळा ते कुठल्यातरी गठ्ठ्यात आपल्या नंबराची वाट पाहत पडलेलं असतं.

"मग जलद का नाही पाठवत?" असं विचारणारे खूप भेटतात. त्यांच्यासाठी थोडं गणित मांडतो. समजा अडीचशे रुपयांचे पापड आहेत. उडीद, तेल, मजुरी, पिशवी, खोका धरून खर्च झाला पावणेदोनशे. उरले पंचाहत्तर. आता जलद कुरिअरला शंभर रुपये लागले, तर ताईंनी पापड लाटायचे कशाला? कंपनीवाले "फ्री डिलिव्हरी" म्हणतात तेव्हा तो खर्च हवेत उडत नाही. तो मालाच्या किमतीत लपतो, नाहीतर विकणाऱ्याच्या वाट्यातून कापला जातो. आमच्या बायकांकडे लपवायला जागाही नाही आणि कापायला वाटाही नाही. स्वस्त टपाल आहे म्हणून त्यांचा धंदा आहे, एवढी साधी गोष्ट.

पण मंडळी, ही बाजू मांडून झाल्यावर आपल्या विकणाऱ्यांनाही दोन शब्द ऐकवायलाच हवेत. ऑर्डर हातची जाईल या भीतीने "दोन-तीन दिवसांत मिळून जाईल" असं लिहायची आपल्याकडे सवय लागली आहे. हे सरळसरळ खोटं आहे. पार्सल कोणत्या सेवेने जाणार हे आपल्याला ठाऊक, त्याला किती दिवस लागतात हे अनुभवाने ठाऊक, तरी आपण गोड बोलतो. आठ दिवस सांगितले आणि सहाव्या दिवशी पोचलं तर तोच माणूस खूश होतो. तीन सांगितले आणि सहाव्या दिवशी पोचलं तर तोच माणूस शिव्या देतो. पार्सल तेच, दिवस तेवढेच. फरक फक्त आपल्या शब्दाचा.

म्हणून साधे चार नियम सुचवतो. ऑर्डर घेतानाच लिहा, "पोस्टाने पाठवतो, सात ते दहा दिवस धरा. घाई असेल तर जादा पैसे भरून स्पीड पोस्ट." निवड गिऱ्हाइकाला करू द्या. दुसरं, पैसे आज मिळाले आणि पार्सल गुरुवारी टाकणार असाल तर तेही सांगा, कारण गिऱ्हाईक पैसे दिल्याच्या दिवसापासून मोजतं आणि पोस्ट पार्सल घेतल्याच्या दिवसापासून. अर्धी भांडणं या फरकातून होतात. तिसरं, पावतीचा फोटो त्याच दिवशी पाठवा. आणि चौथं, उशीर होतोय असं दिसलं तर त्याने विचारायच्या आधी आपण कळवा. गप्प बसलेला माणूस लबाड वाटतो, मग तो कितीही प्रामाणिक असो.

हे फक्त शहाणपण म्हणून सांगत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० प्रमाणे मोठ्या ॲपवरून विकणाऱ्याने डिलिव्हरीची आणि माल परत घेण्याची माहिती ग्राहकाला द्यायचीच असते. तक्रार आली तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिनाभरात निकाल लावायचा. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. तो सगळ्यांनी मोबाईलमध्ये ठेवावा.

आता घेणाऱ्यांना एक विनंती. "कॅश ऑन डिलिव्हरी" मागवायचं आणि पार्सल दारात आल्यावर "आता नको" म्हणायचं, हे बंद करा. तुमचं काही जात नाही. इकडे ताईंचा पाठवणीचा खर्च बुडतो आणि पापड परत येईस्तोवर त्याचा चुरा होतो.

खरं म्हणजे हा प्रकार आपल्याला नवा नाही. माल दारात आल्यावर पैसे देण्याची सोय भारतीय टपालात १८७७ पासून आहे. तिचं नाव व्ही.पी. आपल्या आजोबांच्या पिढीने पुण्या-मुंबईची पुस्तकं अशीच मागवली. जाहिरातीत "टपाल हशील वेगळे" असं स्वच्छ छापलेलं असायचं आणि पोस्टमन येईल तेव्हा येईल, हे गृहीत असायचं. लोक संत होते असं नाही. पण टपालाला दिवस लागतात हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही माहीत होतं.

आता मुद्दा सरकारचा. दारव्ह्याचा पिनकोड ४४५२०२. ही पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी माणूस, संस्कृतचे पंडित. सहा आकड्यांत मलबार हिलही बसली आणि आपला तालुकाही. देशात सुमारे १ लाख ६५ हजार पोस्ट ऑफिसं आहेत, त्यातली जवळपास नव्वद टक्के खेड्यापाड्यात. खासगी कुरिअर अनेकदा तालुक्याला थांबतं आणि फोन करून सांगतं, "येऊन घेऊन जा." पोस्टमन मात्र गावात जातो. खेड्यात तो बहुधा ग्रामीण डाक सेवक असतो. कागदावर त्याचं काम चार-पाच तासांचं, आणि खात्याच्या कायम कर्मचाऱ्यासारखी पेन्शन त्याला नाही. ऑनलाइन बाजाराचा शेवटचा आणि सगळ्यात अवघड टप्पा या माणसाच्या दुचाकीवर चालतो. पार्सल वाढली, तर त्याचा मोबदलाही वाढायला हवा की नाही?

पण होतंय काय, तर स्वस्त आणि हळू जाणाऱ्या सोयीच एकेक करून आटत चालल्यात. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा राहिली नाही, ती स्पीड पोस्टात मिसळली. रजिस्टर साधारण २६ रुपयांपासून सुरू व्हायचं. १ ऑक्टोबर २०२५ च्या नव्या दरानुसार गावाबाहेर जाणाऱ्या ५० ग्रॅमपर्यंतच्या स्पीड पोस्टाला ४७ रुपये आणि वर जीएसटी. जलद झालं, ट्रॅकिंग सुधारलं, ओटीपी आला, हे चांगलंच आहे. पण ज्याला घाई नव्हती त्यालाही आता घाईचे पैसे भरावे लागतात.

पुस्तकांचं असंच झालं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद झालं आणि प्रकाशक-विक्रेत्यांची अडचण झाली. पुढे १ मे २०२५ पासून "ज्ञान पोस्ट" सुरू झालं. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. रस्त्याने-रेल्वेने जातं म्हणून स्वस्त, आणि तरी ट्रॅकिंग आहे. अभ्यासिकेत बसणाऱ्या पोरांनो, पुण्याहून पुस्तकं मागवताना विक्रेत्याला हे नाव घेऊन विचारा. माझं म्हणणं असं, की पुस्तकांना जे जमलं ते बचत गटाच्या मालाला का जमू नये? पापड, हळद, तूरडाळ, हातशिलाईचे कपडे यांच्यासाठी ठरावीक स्वस्त दराची, हळू जाणारी पण ट्रॅकिंग असलेली सेवा सुरू करा. खिडकीवर मोठ्या अक्षरांत लिहा, "दारव्हा ते पुणे, इतके दिवस." लोक थांबतील. विदर्भातल्या माणसाला थांबायचं कसं, हे शिकवावं लागत नाही.

उशीर आधी सांगितला तर तो पचतो. अमेरिकेने लहान पार्सलांची करमाफी काढली तेव्हा टपाल खात्याने २५ ऑगस्ट २०२५ पासून तिकडची पार्सलं घेणं थांबवलं. ती १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली, तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. ज्यांची लेकरं तिकडे आहेत, त्यांच्या फराळाची पंचाईत झाली. पण खात्याने आधी जाहीर सांगितलं होतं. बातमी वाईट होती, तरी माणसाला दुसरी वाट शोधायला वेळ मिळाला.

कुणी म्हणेल, हळू गोष्टी बंद झाल्या तर बिघडलं काय, जग पुढे जातंय. त्यांनी एकदा आपल्या मोतीबाग स्टेशनावर चक्कर मारून यावी. यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला हळू होती म्हणून आपण तिची किती टिंगल केली! पण गरिबाला ती परवडत होती. ती बंद पडली तेव्हा तिच्या जागी दुसऱ्या दिवशी जलद गाडी आली नाही. लोकांना जास्त भाडं देऊन रस्त्याने जावं लागलं. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाची वाट आपण अजून पाहतोच आहोत. स्वस्त टपालाचं तसं होऊ नये, एवढंच म्हणणं आहे. हळू सेवा काढून घेतली की गरिबाला जलद सेवा मिळते, असा आपला तरी अनुभव नाही.

तर विकणाऱ्यांनो, आजच्या आज आपल्या व्हॉट्सॲपच्या माहितीत खरे दिवस लिहा. घेणाऱ्यांनो, ऑर्डर देताना "कशाने पाठवणार?" एवढं विचारा. आणि आमदार-खासदारांच्या पुढच्या भेटीत रस्ता-नालीबरोबर बचत गटाच्या स्वस्त पार्सल सेवेचीही मागणी करा. निवेदन मी लिहून देतो, सह्या तुम्ही जमवा.

तुमचं पार्सल दारव्ह्याहून कुठे, किती दिवसांत पोचलं ते कमेंटमध्ये टाका. गाव, सेवा आणि दिवस, एवढंच. पन्नास-साठ जणांनी लिहिलं तरी आपल्या गावाचं खरं वेळापत्रक तयार होईल, आणि मग गिऱ्हाइकाला तारीख सांगताना कुणाला अंदाजपंचे बोलावं लागणार नाही.